करार आधी, नकाशा नंतर: टोकियोतल्या एका ऑफिस-स्थलांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात मुख्यालय असलेली एक मध्यम आकाराची कंपनी वाहनांच्या सुट्या भागांसाठी डिझाइन-सॉफ्टवेअर बनवते. तिच्या टोकियोतल्या उपकंपनीत सत्तरच्या आसपास माणसं आहेत, निम्मी जपानी आणि निम्मी भारतीय, त्यातली बरीच पुणे-पिंपरीकडची. मी या स्थलांतरात भाडेकरूच्या बाजूने समन्वयाचं काम केलं. कंपनीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

जुनं ऑफिस निशि-शिंजुकूच्या एका टॉवरमध्ये होतं. त्या भागात पूर्वी योदोबाशी जलशुद्धीकरण केंद्र होतं. ते 1965 मध्ये बंद झालं, 1971 मध्ये केइओ प्लाझा हॉटेलचा टॉवर उभा राहिला आणि 1991 मध्ये टोकियो महानगर प्रशासनाची इमारतही तिथेच आली. रुंद रस्ते, प्रचंड मजले आणि व्हिजिटिंग कार्डावर वजनदार दिसणारा पत्ता. जपानमध्ये नव्याने पाय रोवणाऱ्या परदेशी कंपनीला असा पत्ता हवाच असतो, कारण ग्राहक आधी कार्ड वाचतो.

आत सुमारे 150 त्सुबो जागा होती. एक त्सुबो म्हणजे साधारण 3.3 चौरस मीटर, आणि टोकियोत ऑफिसचं भाडं दर त्सुबोला दरमहा असं सांगतात. मांडणी जुन्या जपानी पद्धतीची: समोरासमोर जोडलेल्या टेबलांची बेटं आणि प्रत्येक बेटाच्या टोकाला विभागप्रमुख. मालक कंपनी पुण्याची असली तरी ऑफिस पहिल्या जपानी व्यवस्थापकाच्या सवयीनं लागलं होतं.

एप्रिल 2020 मध्ये कोविडमुळे आणीबाणी जाहीर झाली आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या पडल्या, त्या नंतर पूर्ण भरल्याच नाहीत. शहराच्या पाच मध्यवर्ती वॉर्डांत, म्हणजे चियोदा, चुओ, मिनातो, शिंजुकू आणि शिबुयात, रिकाम्या ऑफिसांचं प्रमाण 2020 च्या सुरुवातीला दीड टक्क्याच्या आसपास होतं. 2021 च्या अखेरीस ते सहा टक्क्यांच्या वर गेलं. तिथल्या दलालांच्या लेखी पाच टक्के ही सीमारेषा असते, तिच्या वर भाडेकरूला बोलायला जागा मिळते. कंपनीचा दोन वर्षांचा करार 2022 च्या मध्यावर नूतनीकरणाला येत होता आणि सोडायचं असेल तर सहा महिने आधी कळवणं बंधनकारक होतं.

समस्या

पुण्याहून आलेल्या पहिल्या ईमेलमध्ये मागणी एकच होती, ‘क्रिएटिव्ह ऑफिस’. सोबत रंगीत भिंती, झोपाळा आणि बीनबॅग असलेली संगणकावर रंगवलेली चित्रं जोडलेली. टोकियोतल्या लोकांशी बोललो तेव्हा झोपाळ्याचं नाव कोणीच काढलं नाही. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या.

पहिली एसीची. टॉवरचा एसी मध्यवर्ती होता आणि संध्याकाळी सहाला बंद व्हायचा, पुढे हवा असेल तर तासाच्या हिशेबाने ज्यादा पैसे. पुणे टोकियोच्या साडेतीन तास मागे. पुण्यात दुपारचे तीन वाजतात तेव्हा इथे साडेसहा झालेले असतात. म्हणजे दोन्हीकडच्या संघांचं बोलणं नेमकं एसी बंद झाल्यावर रंगात यायचं. ऑगस्टमध्ये त्या काचेच्या इमारतीत लोक टेबलावरचे छोटे पंखे लावून बसायचे.

दुसरी गाडीची. भारतीय कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाईत राहतात. 2000 च्या सुमारास भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने आले, तेव्हापासून ही वस्ती वाढत गेली. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ तिथल्या वॉर्डसभेवर निवडूनही आले. निशि-कासाई तोझाई लाइनवर आहे. निहोनबाशी, ओतेमाची ही स्थानकं थेट याच लाइनवर, पण निशि-शिंजुकूला जायचं तर ओतेमाचीला गाडी बदलायची आणि पुन्हा शहर ओलांडायचं. तोझाईवरचा किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यावर 2019 मध्ये क्षमतेच्या 199 टक्के गर्दी होती. विरार लोकल अनुभवलेल्या माणसालाही तिथे सकाळी हात वर करता येत नाही.

तिसरी भरतीची. तरुण जपानी प्रोग्रॅमर मुलाखतीला यायचे आणि त्या बेटांच्या रांगा पाहून परत फिरायचे. चौथी तक्रार वित्तविभागाची: रिकाम्या खुर्च्यांचं भाडं.

समोरचे पर्याय

मारुनोउची यादीत आलं आणि त्याच दिवशी गेलं. 1890 मध्ये मित्सुबिशीने सरकारकडून घेतलेली ती जमीन आजही देशातला सर्वात भारदस्त ऑफिसपत्ता आहे आणि भाडंही त्याला साजेसं आहे. उरले तीन पर्याय.

पहिला: आहे तिथेच राहणं. मालकाने काही महिन्यांचं भाडं माफ करायची तयारी दाखवली आणि मजल्याचा एक भाग परत घ्यायलाही तो राजी होता. मात्र भाग परत द्यायचा तर मध्ये भिंत घालायची, वीज आणि एसी वेगळे करायचे आणि ते काम त्याच्याच कंत्राटदाराकडून करून घ्यायचं.

दुसरा: शिबुया. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इथे इंटरनेट कंपन्यांची गर्दी जमली. पुढे हिकारिए (2012), शिबुया स्ट्रीम (2018) आणि स्क्रॅम्बल स्क्वेअर (2019) हे टॉवर उभे राहिले, आणि गूगलचं जपानी मुख्यालय रोप्पोंगीहून शिबुया स्ट्रीममध्ये आलं. भरतीच्या दृष्टीने याहून चांगली जागा नव्हती. नागोयाकडचे ग्राहक शिनागावाला शिंकान्सेनमधून, म्हणजे बुलेट ट्रेनमधून, उतरले की यामानोते लाइनने बारा-तेरा मिनिटांत शिबुयात पोचतात, हा मुद्दा जपानी विक्रीप्रमुखाने बैठकीत दोनदा मांडला.

तिसरा: काबुतोचो-कायाबाचो. उद्योजक शिबुसावा एइइचींनी 1873 मध्ये जपानची पहिली राष्ट्रीय बँक याच भागात उभी केली. टोकियो शेअर बाजारही इथलाच. 1999 मध्ये बाजाराचा आरडाओरड्याचा सभागृहातला व्यवहार बंद झाला, सौदे संगणकावर गेले आणि दलाल पेढ्यांच्या इमारती हळूहळू ओस पडल्या. गेल्या काही वर्षांत त्यांत लहान ऑफिसं, बेकऱ्या, कॅफे शिरले आहेत. 1923 सालची बँकेची एक जुनी इमारत 2020 मध्ये हॉटेल झाली. आम्हाला मिळत होता 1974 च्या एका इमारतीचा 110 त्सुबोंचा मजला. निशि-कासाईहून तोझाईने थेट, सुमारे पाव तास. प्रत्येक खोलीचा एसी स्वतंत्र.

या तिसऱ्या जागेच्या करारात दोन कलमं होती आणि प्रकरण त्यांच्याभोवतीच फिरलं.

करारातली खरी रचना

जपानमध्ये ऑफिसचं आतलं काम तीन गटांत विभागतात. ‘ए’ कामाचा खर्च मालकाचा, कंत्राटदारही मालकाचा. ‘सी’ काम भाडेकरू आपल्या पैशाने आपल्या माणसाकडून करतो. मधलं ‘बी’ काम म्हणजे खर्च भाडेकरूचा आणि कंत्राटदार मालकाने ठरवलेला. एसी, आगीची उपकरणं, विजेचा मुख्य फळा असं इमारतीच्या यंत्रणेला हात लावणारं बहुतेक सगळं ‘बी’त पडतं. तिथे निविदा नाही, स्पर्धा नाही. त्याच्या जोडीला ‘गेन्जो काइफुकु’, म्हणजे जागा सोडताना ती होती तशी करून द्यायची. टॉवरमध्ये हे कामही मालकाच्याच कंत्राटदाराचं.

शिबुयाच्या नव्या टॉवरमध्ये पुण्याच्या चित्रातली प्रत्येक गोष्ट या दोन दारांतून जाणार होती. बंद खोली केली की धूरशोधक आणि स्प्रिंकलर हलवायचे, ते ‘बी’. पॅन्ट्रीला हवा बाहेर टाकणारा डक्ट हवा, तोही ‘बी’. आणि हे सगळं एक दिवस पैसे देऊन उखडायचं. पुण्याच्या वित्तप्रमुखांनी टोकियोच्या प्रमुखाला कॉलवर विचारलं ते मला अजून आठवतं: “अरे, पैसे भरायचे आपण आणि भिंत पाडायला माणूस त्यांचा? असं कुठं असतं!” उत्तर आलं, “सर, इथे असंच असतं.”

काबुतोचोच्या जागेचा करार ‘तेइकी शाकुया’ होता. 2000 मध्ये कायद्यात आलेल्या या मुदतबंद भाडेकरारात नूतनीकरण नसतं. मुदत संपली की करार संपला. राहायचं तर मालकाच्या मर्जीने नवा करार. मुदत होती पाच वर्षं, कारण त्या भागात पुनर्विकास चालू आहे आणि मालकाला पुढे इमारत पाडायचा मार्ग मोकळा हवा होता. आणि दुसरं कलम याच कारणातून आलेलं: मूळ स्थितीत आणून द्यायची अट नाही. पाडायची इमारत पूर्ववत करून कोणाला हवी असते? यंत्रणेची बरीचशी कामंही ‘सी’त टाकलेली होती.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सर्जनशील ऑफिसं जुन्या इमारतींत जातात ती विटा आणि उघड्या पाइपांच्या प्रेमापोटी. माझ्या पाहण्यात कारण बहुतेकदा रुक्ष असतं. टोकियोत भाडेकरूला भिंतीला मनासारखा हात लावता येतो तो ज्या इमारतीचे दिवस भरत आले आहेत तिथे. ही मोकळीक मुदतीच्या बदल्यात मिळते.

निर्णय

पुण्याचं मत शिबुयाकडे झुकलं होतं, विक्रीप्रमुखाचंही. टोकियोच्या प्रमुखाने बैठकीआधी प्रत्येक विभागाशी वेगवेगळं बोलून घेतलं. जपानी कंपनीत हे गृहपाठासारखं धरतात. त्यातून कळलं की विक्रीविभागाला शिबुयाचं कौतुक नव्हतं, ग्राहकापुढे कमीपणा येईल ही भीती होती. मग प्रश्न बदलला: काबुतोचोत ग्राहकाला बसवायची जागा कशी असेल? टोकियो स्थानक तिथून चालत साधारण पंधरा मिनिटांवर, टॅक्सीने अगदीच जवळ. प्रवेशाजवळच्या दोन नीटस, शांत बैठकखोल्या विक्रीसाठी राखून ठेवायचं ठरलं आणि विरोध मावळला.

भूकंपाचा प्रश्न पुण्याने उचलला आणि तो रास्त होता. जपानची सुधारित भूकंपमानकं जून 1981 ची आणि इमारत 1974 ची. मालकाकडून मजबुतीकरणाचे कागद मागवले. आय-एस, म्हणजे इमारत भूकंपात किती टिकेल ते सांगणारा निर्देशांक, 0.6 च्या वर असल्याचं पाहिल्यावरच पुढे गेलो.

एक गोष्ट मात्र पुण्यात नीट पोचली नाही. तिथल्या कायदाविभागाने मुदतबंद करार आपल्याकडच्या लीव्ह अँड लायसन्ससारखा वाचला: अकरा महिने म्हणायचं, वाढवत राहायचं. जपानी कायद्यानुसार नूतनीकरण नाही हे मालकाने वेगळ्या कागदावर आधीच समजावून द्यावं लागतं. तो कागद दिला गेला, त्याचा अनुवाद झाला, आणि तरीही फाइलवर शेरा पडला, ‘पाच वर्षं, पुढे वाढवता येईल’. डिझाइनवरचा खर्च त्यानंतर दहा वर्षांत विभागून मांडला गेला.

काम

डिझायनरने रचना सरळ ठेवली: रस्त्याकडे मोकळी, बोलकी जागा, मागे शांत काम, टेबलखुर्च्या 45, मध्ये पॅन्ट्री. बेटं मोडून कुठेही बसायची पद्धत आणायची होती. कागदोपत्री ही कल्पना जपानला नवी नाही. शिमिझु या बांधकाम कंपनीच्या संशोधन संस्थेत 1987 मध्येच ती राबवली गेली होती. विभागप्रमुखांनी टोकाची खुर्ची सोडायला कुरकुर केली, सोडली मात्र.

छत उघडं करायचं होतं. खाली बसवलेल्या पाट्या काढल्या तर अडीच मीटरची उंची तीनच्या पुढे जात होती. पण 1974 ची इमारत म्हणजे तुळयांवर अग्निरोधक म्हणून फवारलेलं, फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, कारण त्या फवारणीवर बंधनं आली 1975 मध्ये. त्यातच एप्रिल 2022 पासून दहा लाख येनांवरच्या दुरुस्तीकामाआधी अ‍ॅस्बेस्टॉस तपासणीचा अहवाल प्रशासनाला देणं सक्तीचं झालं होतं. नमुने घेतले. रस्त्याकडचा अर्धा भाग मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत साफ झालेला निघाला, मागच्या अर्ध्या भागात सापडलं.

इथे दोन आठवडे भांडणात गेले. आमचं म्हणणं, इमारतीचा सांगाडा मालकाचा, तेव्हा हे ‘ए’ काम. मालकाचं म्हणणं, छताच्या पाट्यांमागे बंद आहे तोवर धोका नाही, उघडताय तुम्ही. करारात यावर ओळ नव्हती. शेवटी डिझायनरनेच गाठ सोडवली: मागचं छत आहे तसंच ठेवायचं आणि पुढचं उघडायचं. मला वाटतं हाच सगळ्या कामातला सर्वात चांगला निर्णय होता, कारण भांडण जिंकूनही आणखी दोन-तीन महिने गेले असते.

अग्निशमन केंद्राला कामाआधी सात दिवस आराखडा आणि वापराआधी सात दिवस सूचना द्यायची असते. आम्ही त्याच्या कितीतरी आधी जाऊन बसलो आणि ते फळलं. कॉलसाठी घ्यायच्या छतबंद खोक्यांकडे अधिकारी खोली म्हणूनच पाहतात, हे ऑर्डर देण्याआधी कळलं. मग आतच आग विझवणारं उपकरण असलेली खोकी घेतली आणि छोट्या बैठकखोल्यांच्या भिंती छतापर्यंत न नेता वर फट ठेवली. आवाज जरा झिरपतो, ते स्वीकारलं.

सुंदर नकाशांत नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे आपत्तीचा साठा. 2011 च्या भूकंपात लाखो लोक घरी पोचू शकले नाहीत. त्यानंतर 2013 पासून टोकियोचा नियम सांगतो की कर्मचाऱ्यांना तीन दिवस ऑफिसात थांबवता येईल इतकी तयारी ठेवावी. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी म्हणजे सत्तर जणांना 630 लिटर, वर जेवणं, पांघरुणं. पहिल्या नकाशात याला एक कपाट दिलं होतं. शेवटी बसण्याच्या पायऱ्यांखालची सगळी पोकळी त्यात गेली आणि वजन एका जागी येऊ नये म्हणून ते वाटून ठेवावं लागलं.

पॅन्ट्रीवर सर्वात जास्त वेळ गेला याचं मला आश्चर्य वाटलं नाही. दुपारी डबे उघडतात, मायक्रोवेव्हमधून फोडणीचा वास सुटतो आणि शेजारी कोणी ग्राहकाशी अदबीनं बोलत असतं. जुन्या ऑफिसात यावर एक अबोल तणाव होता. नव्या जागेत बाहेरच्या भिंतीत स्वतंत्र पंखा बसवला, ‘सी’ काम म्हणून, किरकोळ खर्चात. पॅन्ट्रीला लागून चपला-बूट काढून बसायची तातामीची, म्हणजे जपानी गवती चटयांची, बैठक केली. त्या कल्पनेवर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. झोपाळा कधी वगळला गेला ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जुनं ऑफिस सोडताना

जपानी करारात पूर्ववत करण्याचं काम बहुधा मुदतीच्या आत संपवायचं असतं, म्हणजे मुदत संपण्याच्या महिनाभर तरी आधी जागा रिकामी हवी. पुण्याने शेवटची तारीख हीच सामान हलवायची तारीख धरली होती. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे नवी जागा लांबली आणि मध्ये काही आठवडे कंपनीला ऑफिसच नव्हतं. लोक घरून काम करत राहिले आणि विक्रीसाठी एक छोटी सामायिक जागा घेतली. पूर्ववत कामाचा पहिला अंदाज एका तपासनीसाकडून वाचून घेतला. त्याने सामायिक मार्गिकेचं आणि न हललेल्या यंत्रणेचं काम त्यातून काढायला लावलं, आणि रक्कम साधारण पाचव्या हिश्श्याने उतरली.

परिणाम

एक वर्षानंतरची स्थिती. भाडं आणि एसी मिळून खर्च स्पष्टपणे कमी झाला. पुण्याशी होणारे संध्याकाळचे कॉल ऑफिसातून होऊ लागले. भारतीय कर्मचारी आठवड्यातून तीन-चार दिवस येतात. मंगळवार ते गुरुवार मात्र 45 खुर्च्या पुरत नाहीत. कुठेही बसायची पद्धत निम्मीच रुजली: तांत्रिक संघ फिरतो, विक्रीवाल्यांनी महिनाभरातच आपल्या खुर्च्या ठरवून टाकल्या. मागच्या ठेंगण्या छताच्या भागाला लोक ‘मागची आळी’ म्हणतात. तिथे काम सर्वात शांतपणे होतं आणि तिथे बसायला सर्वात कमी लोक राजी असतात.

भरतीत फरक पडला, पण शिबुयाइतका पडला नसावा. आणि शहराच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या एका अनुभवी जपानी हिशेबनीस बाईंचा प्रवास पाऊण तासाने वाढला आणि त्यांनी नोकरी सोडली. तोझाईचा हिशेब मांडताना उरलेल्या निम्म्या लोकांचा नकाशा तितक्या बारकाईने मांडला गेला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी सहीआधी मागायला हवी होती. 2006 च्या आधीच्या, म्हणजे जपानमधल्या अ‍ॅस्बेस्टॉसबंदीपूर्वीच्या, कुठल्याही इमारतीत ती सहीची अट म्हणूनच घालावी. रिकाम्या जागांच्या त्या काळात मालकाने ती नाकारली नसती.

डिझायनर करारानंतर आला. तो आधी आला असता तर कोणतं काम कोणत्या गटात पडतं याचा तक्ता जागांची तुलना करतानाच तयार झाला असता आणि शिबुयावरची लांबलेली चर्चा एका बैठकीत आटोपली असती. जुन्या जागेसाठी ‘इनुकी’, म्हणजे आतल्या सामानासकट दुसऱ्या भाडेकरूला देणं, याची मालकाकडे साधी चौकशीही झाली नाही. मोठ्या टॉवरमध्ये नकार येणं शक्य होतं, पण विचारायला काही पडत नव्हतं.

दहा वर्षांत विभागलेला खर्च ही अजून उघडी बाजू आहे. करार 2027 मध्ये संपतो. कायद्यानुसार मालकाने त्याआधी एक वर्ष ते सहा महिने या काळात समाप्तीची सूचना द्यायची असते. पुण्याचं म्हणणं, तोवर थांबू. टोकियोच्या प्रमुखाने मात्र तोझाई लाइनवरच्या जागांची यादी काढायला घेतली आहे, आणि या वेळी पश्चिमेकडून येणाऱ्यांच्या स्थानकांसाठीही त्यात एक रकाना आहे.